‘म्हणे’ आणि ‘निष्पन्न’ : मतदानयंत्रांवरील परकीय आक्रमणाच्या दाव्यांची भाषा

महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले व मतमोजणी २३ नोव्हेंबर रोजी पार पडली. त्याच सुमारास एक चित्रफीत सर्वत्र प्रसृत झाली. सय्यद शुजा हे नाव सांगणारी, परदेशात वास्तव्य करणारी एक व्यक्ती तीत बोलताना दिसत होती. मतदानयंत्रांची कंपनसंख्या वेगळी काढून ती यंत्रे आपणास हवी तशी वळविता येतात, असा ह्या व्यक्तीचा दावा होता. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने तक्रार केली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईच्या दक्षिण विभागातील सायबर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविण्यात आला. त्यात भारतीय न्याय संहितेचे जे कलम लावण्यात आले ते फसवणुकीचे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. बोलणारा म्हणत होता, ‘मी यंत्र फोडू शकतो’. कायद्याने त्याचे वाक्य ‘मी तुम्हांस फसवू शकतो’ असे वाचले.

एकाच वाक्याची ही दोन वाचने प्रस्तुत लेखाचा विषय होत. असा दावा कानी पडला म्हणजे दोन प्रतिक्रिया सहज उमटतात. एक तो जसाच्या तसा स्वीकारण्याची, आणि दुसरी त्याची थट्टा करून विषय मिटविण्याची. दोहोंतही परीक्षणाचा श्रम वाचतो. परंतु गिरगावातील वा परळमधील ज्या मतदाराने रांगेत उभे राहून मत दिले, त्याच्या मनात ‘माझे मत मोजले गेले काय?’ हा प्रश्न एकदा शिरला की तो थट्टेने जात नाही. यंत्रशास्त्र्यांनी ह्या प्रश्नाचा आपल्या परीने विचार केला आहे. भाषाशास्त्राकडेही ह्या बाबतीत सांगण्यासारखे काही आहे. दावा प्रथम वाक्याच्या रूपाने जन्मतो, वाक्याच्या रूपाने प्रवास करतो, आणि त्या प्रवासात त्याचे व्याकरण बदलत जाते.

कोणत्याही विधानात ‘काय घडले’ ह्यासोबत ‘हे बोलणाऱ्यास कसे कळले’ ह्याचीही सूचना असू शकते. काही भाषांत ती सूचना क्रियापदाच्या रूपातच येते. तुर्की भाषेतील ‘-मिश’ हा प्रत्यय त्याचे परिचित उदाहरण. रोमान याकोब्सन ह्यांनी १९५७ साली ह्या व्याकरणिक कोटीस स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला साक्ष्यदर्शक कोटी म्हणावयास हरकत नाही. मराठीत असा प्रत्यय नाही, पण ‘म्हणे’ आहे. ‘म्हणणे’ ह्या धातूपासून निघालेला हा शब्द आपले क्रियापदत्व बरेचसे सोडून अव्ययासारखा वावरतो. ‘मशीन हॅक झालं म्हणे’ ह्या वाक्यात म्हणणारा कर्ता कोण हे सांगावे लागत नाही आणि कोणी विचारीतही नाही. बोलणारा एवढेच सुचवितो की ही गोष्ट ऐकीव आहे, तिची जबाबदारी आपली नव्हे. लालबागच्या बाजारात किंवा दादर स्थानकाच्या पुलावर हे वाक्य ह्या रूपात उच्चारले जाते तोवर ते प्रामाणिक असते, कारण आपल्या ज्ञानाचा उगम ते लपवीत नाही.

खरी अडचण ह्यापुढे सुरू होते. ‘म्हणे’ हा बोलीचा शब्द आहे. मथळ्यात तो बसत नाही, इंग्रजी वा हिंदी भाषांतरात तो टिकत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तोंडी तो गळून पडतो. उरते ते ‘मशीन हॅक झालं’. ऐकीव विधान निश्चयार्थी होण्यास मधल्या काळात कोणताही पुरावा लागलेला नसतो. लागते ते केवळ एका अव्ययाचा लोप. लेखी मराठीने ह्या अव्ययाच्या जागी ‘कथित’, ‘दावा’, ‘आरोप’ असे शब्द योजिले आहेत आणि ते योग्यच होत. तथापि त्यांच्याच शेजारी ‘गौप्यस्फोट’, ‘उघडकीस’, ‘पर्दाफाश’ हे शब्द नांदतात. किपार्स्की दांपत्याने १९७० साली दाखवून दिल्याप्रमाणे काही क्रियापदे आपल्या पोटवाक्याचे सत्यत्व गृहीत धरूनच येतात. ‘त्याने दावा केला की यंत्र बिघडविले’ ह्यात यंत्र खरोखर बिघडविले की नाही हे मोकळे राहते; ‘त्याने उघड केले की यंत्र बिघडविले’ ह्यात ते मोकळे राहत नाही. गौप्याचा स्फोट व्हावयाचा तर आधी गौप्य असावेच लागते. शब्द निवडतानाच निकाल दिला जातो.

‘खुलासा’ ह्या शब्दाची कथा ह्याहून मनोरंजक आहे. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. ज्याच्यावर आक्षेप आला तो खुलासा करतो. हिंदीत त्याच शब्दाचा रूढ अर्थ रहस्यभेद असा आहे. हिंदी वृत्तवाहिन्यांच्या सहवासात मुंबईच्या मराठीत हा दुसरा अर्थही शिरला आहे. परिणामी ‘निवडणूक आयोगाचा खुलासा’ आणि ‘हॅकरचा खुलासा’ हे दोन मथळे एकाच दिवशी शेजारी येऊ शकतात. पहिल्यात आरोपाचे निरसन असते, दुसऱ्यात खुद्द आरोप असतो, आणि शब्द मात्र एकच! घाईने वाचणाऱ्याच्या मनात दोहोंचे वजन सारखे ठरले तर दोष वाचकाचा मानता येणार नाही.

‘हॅक’ ह्या उसन्या शब्दाकडेही पाहिले पाहिजे. इंग्रजीतही तो काटेकोर नाही. मराठीत येताना तो अधिकच सैल झाला. कोणाच्या खात्यातून पैसे गेले, कोणाच्या नावे भलतेच संदेश गेले, कोणी स्वतःच भुलून सांकेतिक क्रमांक सांगून बसला, की ‘फोन हॅक झाला’ असे म्हटले जाते. वस्तुतः शेवटच्या प्रकारात यंत्राला काहीच झालेले नसते, माणूस फसलेला असतो. शिवाय हा शब्द मराठीत बहुधा ‘होणे’ बरोबर येतो. ‘हॅक करणे’ म्हटले की कोणी केले, कशाने केले, हे विचारावे लागते. ‘हॅक होणे’ हे पाऊस पडण्यासारखे, दूध नासण्यासारखे आपोआप घडते. कर्त्याची ही रिकामी जागा ऐकणाऱ्यास खटकत असते, आणि ती भरण्यास ‘परकीय’ हे विशेषण सर्वांत सोयीचे पडते. त्याला नाव नाही, पत्ता नाही, उलटतपासणीस बोलाविता येईल असा देह नाही. ‘परदेशी’ म्हटले तर निदान देश कोणता असा प्रश्न येतो. ‘परकीय’ ह्या शब्दात ‘परका’ डोकावतो, आणि परका म्हणजे जो आपला नाही तो कोणीही.

ही रचना आजची नव्हे. १९७१ सालच्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधी ह्यांच्या काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या, तेव्हा देशात इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्र नव्हते. कागद होता, शिक्का होता, शाई होती. तरीही परकीय तंत्राचा आरोप झालाच. दिल्लीत पराभूत झालेले जनसंघाचे नेते बलराज मधोक ह्यांचे म्हणणे असे की मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केलेली होती. मतदाराने उमटविलेला शिक्का काही काळाने नाहीसा होई आणि गाय-वासरावर आधीच अदृश्य शाईने छापलेली खूण प्रकट होई. ही विद्या सोव्हिएत रशियातून आल्याचे सांगितले गेले. मुंबईत ह्या आरोपाला यमक मिळाले. विजय बाईचाही नव्हे, गाईचाही नव्हे, तो शाईचा, अशा आशयाचे एक वाक्य बाळ ठाकरे ह्यांच्या नावाने आजही सांगितले जाते. ‘बाई-गाई-शाई’ ह्या तीन शब्दांनी एका रसायनशास्त्रीय प्रतिपादनाचे काम संपविले. यमक पटते, त्यास प्रमाण लागत नाही. ह्यामुळेच मूळ आरोप विस्मरणात गेल्यावरही यमक टिकून राहिले.

ह्या प्रकरणाचा न्यायालयीन भाग मात्र पुरेसा लक्षात ठेवला गेलेला नाही. शशिभूषण विरुद्ध बलराज मधोक ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली जो निर्णय दिला त्यात आरोपाची थट्टा केलेली नाही. विज्ञानाच्या प्रगतीचा काळ पाहता एखादी गोष्ट चमत्कारिक वाटते एवढ्यावरून ती फेटाळता येत नाही, आणि मतदानाची गुप्तता व निकालाचे स्थैर्य ह्यांनाही सहज धक्का लावता येत नाही. यास्तव काही मतपत्रिकांची मर्यादित तपासणी करून पाहावी, अशी ती दृष्टी होती. पुढे आरोप सिद्ध झाला नाही. परंतु तो पडला तो कागद तपासला गेला म्हणून, कोणी त्यास ‘निराधार’ म्हटले म्हणून नव्हे. दाव्याशी वागण्याची ह्याहून शहाणी रीत गेल्या अर्धशतकात सापडल्याचे दिसत नाही.

२१ जानेवारी २०१९ रोजी लंडन येथे जी पत्रकार परिषद झाली ती ह्याच्या नेमकी उलट होती. तीतील वक्ता तोच, सय्यद शुजा. तो अमेरिकेतून दूरदृश्य माध्यमाने, चेहरा झाकून बोलला. २०१४ ची लोकसभा निवडणूक यंत्रे फोडून जिंकली गेली, आपण यंत्रे बनविणाऱ्या हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ह्या सरकारी कंपनीत काम केले होते, आणि गोपीनाथ मुंडे ह्यांचा मृत्यू हा ते हे जाणत असल्यामुळे घडविलेला घात होता, अशी त्याची विधाने होती. मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार-अपघातात निधन पावले होते; महाराष्ट्राच्या मनात ती जखम ताजी होती, आणि दाव्यास येथे जी पकड मिळाली ती ह्या एका नावामुळे. परिषदेत यंत्र फोडून दाखविले जाईल अशी अपेक्षा निर्माण करण्यात आली होती. प्रत्यक्षात कोणतेही प्रात्यक्षिक झाले नाही. ही व्यक्ती यंत्राच्या रचनेशी कधीही संबंधित नव्हती असे त्या कंपनीने कळविले, आणि लंडनच्या फॉरेन प्रेस असोसिएशननेही ह्या विधानांपासून आपले अंग काढून घेतले.

ह्या भाषणाची बांधणी पाहण्यासारखी आहे. मृत व्यक्तींची नावे स्पष्ट असतात, कारण त्या उत्तर देऊ शकत नाहीत. संस्थांची नावे स्पष्ट असतात, कारण त्या परिचित आहेत. जेथे तपासणी शक्य आहे अशा ठिकाणी, म्हणजे कोणते यंत्र, कोणते मतदान केंद्र, कोणता भाग, कोणती खूण, येथे मात्र वाक्य धूसर होते आणि ‘सैनिकी दर्जाचे’ असे एखादे भारदस्त विशेषण पुढे येते. १९७१ ची परकीय विद्या रशियन रसायनाची होती, २०१९ ची अमेरिकेतून सांगितलेल्या लहरींची. ज्या पिढीला ज्या विद्येचा धाक, तिच्या अफवेत तीच विद्या येते.

ह्यावरून यंत्राविषयीचा प्रत्येक आक्षेप असाच असतो असे समजणे मोठी चूक ठरेल, आणि तसे न समजण्याचे सर्वांत सबळ कारण खुद्द दक्षिण मुंबईतच आहे. फोर्ट भागातील जुन्या कस्टम हाउसमध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यात ठेवलेल्या यंत्रांपैकी एक यंत्र २०१० साली संशोधकांच्या हाती पोहोचले. हैदराबादचे हरिप्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन, नेदरलँड्सचे रोप गोंग्राइप व त्यांचे सहकारी ह्यांनी ते उघडून अभ्यासिले. त्यांनी दोन कृती करून दाखविल्या. आकडे दाखविणारा भाग बदलून त्या जागी दूरध्वनीवरून आज्ञा घेणारा बनावट भाग बसविता येतो, ही पहिली. आणि स्मृतिकोशावर एक छोटे साधन चिकटवून मते बदलता येतात, ही दुसरी. हे संशोधन त्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय परिषदेत प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०१० मध्ये यंत्राच्या चोरीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी हरिप्रसाद ह्यांना अटक केली.

येथेही परदेशी संशोधक आहेत, येथेही यंत्र ‘फोडले’ आहे. तरी लंडनच्या भाषणाशी ह्या कामाची तुलना होऊ शकत नाही. कोणते यंत्र, कोणता भाग, किती वेळ, कोणते साधन, हे सर्व सांगितलेले आहे, म्हणून कोणीही ते खोडू अथवा पडताळू शकतो. आणि निष्कर्षाचे क्रियापद ‘शकणे’ हे आहे : यंत्र हाती आले तर अमुक करता येऊ शकते. अमुक निवडणुकीत तसे झाले, असे ते म्हणत नाही. ‘होऊ शकते’ पासून ‘झाले’ पर्यंतचे अंतर पुराव्यानेच तुटते. लोकचर्चेत मात्र २०१० च्या प्रात्यक्षिकाचा आधार देऊन २०२४ चे ‘झाले’ सांगितले जाते, आणि मधली अट, म्हणजे यंत्र प्रत्यक्ष हाती असणे, वाटेत सांडते. कस्टम हाउसच्या प्रकरणाचा खरा धडा गोदामाच्या कुलपाचा होता. परकीय लहरींच्या गोष्टीने आपले लक्ष त्या कुलपावरून उडते, हे तिचे सर्वांत मोठे नुकसान होय.

यंत्राविषयी थोडक्यात सांगावयाचे तर नियंत्रण घटक, मतदान घटक व चिठ्ठी दाखविणारे व्हीव्हीपॅट हे तीन भाग तारेने जोडलेले असतात. बाहेरच्या जाळ्याशी त्यांचा संबंध नसतो आणि संदेश ग्रहण करणारी कोणतीही बिनतारी यंत्रणा त्यांत नाही, असे आयोग सांगतो. हे खरे असेल तर ‘कंपनसंख्या वेगळी काढणे’ ह्या शब्दसमूहास अर्थच उरत नाही, कारण ऐकणारा कान नसलेल्या वस्तूशी बोलता येत नाही. तथापि ‘यंत्र संपूर्ण अलिप्त आहे’ हे विधानही जरा जपून करावयास हवे. उमेदवारांची नावे व चिन्हे व्हीव्हीपॅटमध्ये मतदानापूर्वी एका वेगळ्या साधनाने भरली जातात. अलिप्ततेला तेवढी एक खिडकी आहे, आणि म्हणूनच २६ एप्रिल २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी अमान्य करतानाही, ही चिन्हे भरणारी साधने निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवण्याचा आदेश दिला.

आता पडताळणीच्या गणिताकडे वळू. एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच मतदान केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडली जातात व तेथील व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी जुळविल्या जातात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ व १,००,१८६ मतदान केंद्रे होती. म्हणजे १,४४० केंद्रांची जुळणी झाली आणि कोठेही तफावत आढळली नाही असे राज्याच्या निवडणूक यंत्रणेने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. शंभरात दीड केंद्रही नव्हे, असा ह्यावर आक्षेप येतो, आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो.

परंतु नमुन्याचे बळ दावा कोणता आहे ह्यावर अवलंबून असते. समजा, परदेशातील कोणी राज्यभर यंत्रे फिरविली आणि शंभरांपैकी केवळ एका केंद्रात यंत्राचा आकडा चिठ्ठ्यांपासून ढळला. १,४४० यादृच्छिक केंद्रांत असे एकही केंद्र न सापडण्याची शक्यता सुमारे वीस लाखांत एक इतकी अल्प आहे. दहांपैकी एक केंद्र फिरविले असेल तर ही शक्यता उच्चारण्यासही नको. उलट, समजा, एकाच मतदारसंघातील ३०० केंद्रांपैकी ३० केंद्रांत स्थानिक पातळीवर काही केले गेले. तर तेथील पाच केंद्रांच्या तपासणीत ते सापडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्केच आहे. म्हणजे प्रचंड, राज्यव्यापी, परकीय आक्रमणाचा दावा विद्यमान नमुन्यानेच जवळजवळ कोलमडतो, आणि लहान, स्थानिक, कंटाळवाणा दावा त्या चाळणीतून निसटू शकतो. अर्थात ह्या हिशेबाला एक अट आहे. आपल्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते तेव्हा मतदाराने ती खरोखर वाचली पाहिजे. चिठ्ठीच चुकीची छापली गेली व कोणी पाहिले नाही, तर आकडा आणि चिठ्ठ्या दोन्ही चुकीचेच जुळतील.

ह्याच निवडणुकीत मध्य मुंबईने दिलेले निकाल ह्या संदर्भात वारंवार सांगितले जातात. लालबाग-परळचा शिवडी मतदारसंघ ७,१४० मतांनी, दादरचा माहीम १,३१६ मतांनी आणि वरळी ८,८०१ मतांनी, असे तिन्ही मतदारसंघ राज्यात पराभूत झालेल्या आघाडीकडे गेले. काहींच्या मते ह्यावरून यंत्रे निर्दोष ठरतात. काहींच्या मते संशय येऊ नये म्हणून ह्या जागा सोडल्या गेल्या. दोन्ही अनुमाने सदोष आहेत. पहिले अपुरे आहे. दुसरे त्याहून वाईट, कारण त्याने दाव्यास असे रूप दिले की पराभव झाला तरी दावा खरा आणि विजय झाला तरी दावा खरा. ज्या विधानास कोणताही निकाल खोटे ठरवू शकत नाही ते निकालाविषयी काहीच सांगत नसते.

भाषांतराच्या वाटेनेही परकीय दावे आपल्याकडे येतात. जून २०२४ मध्ये एलॉन मस्क ह्यांनी इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्रे रद्द करावीत असे मत मांडले. त्याचे निमित्त प्वेर्तो रिकोतील पक्षांतर्गत निवडणूक हे होते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख तुलसी गबार्ड ह्यांनी तेथील इलेक्ट्रॉनिक मतदानव्यवस्था असुरक्षित असल्याचे म्हटले. दोहोंतही इंग्रजी शब्द सामान्यनाम होते; त्यात स्पर्शपटलाची, जाळ्याशी जोडलेली, अनेक कंपन्यांची परस्परभिन्न यंत्रे येतात. मराठीत त्याचे ‘ईव्हीएम’ झाले. परंतु मराठीत ‘ईव्हीएम’ हे जवळजवळ विशेषनाम आहे. मुंबईच्या मतदारास त्या तीन अक्षरांनी महापालिकेच्या शाळेत टेबलावर ठेवलेले, बीप असा आवाज करणारे ते एकच यंत्र आठवते. भाषांतर शब्दशः अचूक होते, आणि तरीही अमेरिकेतील एका यंत्राविषयीचे मत भारतातील दुसऱ्याच यंत्राविषयीची साक्ष बनले.

मस्क ह्यांच्या मताच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईत ह्याची भर पडली. वायव्य मुंबई मतदारसंघात रवींद्र वायकर हे ४,५२,६४४ मते मिळवून अमोल कीर्तिकर ह्यांच्याविरुद्ध अवघ्या ४८ मतांनी विजयी झाले होते. गोरेगावच्या मतमोजणी केंद्रात एका भ्रमणध्वनीचा वापर झाल्याची तक्रार होती. त्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने मतदानयंत्र उघडले, अशी बातमी छापून आली. वस्तुतः तो क्रमांक आकडे नोंदविण्याच्या संगणकप्रणालीत प्रवेश करण्यासाठी होता. मतदानयंत्रास अशा क्रमांकाची गरजच नसते. निवडणूक अधिकाऱ्यांनी तसे स्पष्ट केले व संबंधित वृत्तपत्राने दुरुस्ती छापली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले तेव्हा पराभूत उमेदवाराच्या याचिकेचा भर यंत्र फोडण्यावर नव्हता. तो होता ३३३ ‘टेंडर्ड’ मतांवर, म्हणजे आपल्या नावे आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळलेल्या मतदारांनी नोंदविलेल्या मतांवर. ती याचिका डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. तथापि न्यायालयात काय सांगावे व चौकात काय सांगावे ह्यांतील हा फरक बोलका आहे. शपथेवर बोलताना माणूस मोजता येईल अशा गोष्टी सांगतो.

जगात निवडणुकीच्या यंत्रणेवर परकीय आक्रमण होतच नाही, असेही नाही. २०१६ साली रशियाच्या सैनिकी गुप्तचरांनी अमेरिकेतील पक्षकार्यालयाची पत्रे चोरली आणि इलिनॉय राज्याच्या मतदारनोंदणीच्या संगणकात शिरकाव केला. जुलै २०१८ मधील आरोपपत्रात बारा अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे व कृती नमूद आहेत. टाकलेली मते बदलली गेल्याचा पुरावा मात्र आढळला नाही. उलट २०२० नंतर तेथे डोमिनियन ह्या कंपनीच्या यंत्रांविषयी व्हेनेझुएलाशी संबंध जोडणाऱ्या कथा पसरविल्या गेल्या. त्यांना प्रसिद्धी देणाऱ्या फॉक्स वृत्तसंस्थेने एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन बदनामीचा दावा मिटविला. पहिल्या प्रकरणात कर्ते नामनिर्दिष्ट आहेत आणि क्रियापद मर्यादित आहे. दुसऱ्यात कर्ता धूसर आणि क्रियापद अमर्याद.

भाषेचा हा निकष केवळ आरोप करणाऱ्यांना लावून भागणार नाही. ‘निराधार’, ‘खोडसाळ’, ‘अशक्य’ ही विशेषणे सरकारी पत्रकांत ज्या सहजतेने येतात ती सहजता परीक्षणाची नव्हे. ‘अशक्य’ हे तर ‘झाले’ इतकेच मोठे विधान आहे आणि तेवढाच पुरावा मागते. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन पाहण्याचे ठरविले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लागू करून ते थांबविले. अशा मतदानास कायद्याचा आधार नव्हता, आणि त्याच्या आकड्यांनी मूळ मतदानाविषयी फारसे काही सिद्धही झाले नसते, हे खरे. परंतु पोलीस उभे राहिल्यावर गावात जे वाक्य उरले ते ‘काहीतरी असणार म्हणे’ हेच, आणि त्याला उत्तर देणारा कागद कोणाजवळच राहिला नाही.

वस्तुतः असे कागद कायद्याने निर्माण केलेले आहेत. मतदानापूर्वी प्रतिनिधींसमक्ष निदान पन्नास मतांचे चाचणी-मतदान होते. मतदान संपल्यावर केंद्रात नोंदलेल्या एकूण मतांचा नमुना १७-सी प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीस मिळतो. तो मतमोजणीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. २६ एप्रिल २०२४ च्या निर्णयाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रांचे स्मृतिकोश तपासून घेण्याचा मार्गही खुला केला. मात्र ही तपासणी कशी व्हावी ह्यावर पुन्हा वाद झाला, कारण आयोगाच्या पद्धतीत यंत्रावर नवे चाचणी-मतदान घेतले जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासणी करताना यंत्रातील आधीची माहिती पुसू नये वा नवी भरू नये, आणि तपासणीसाठी उमेदवाराकडून घेतले जाणारे शुल्कही कमी करावे. ते शुल्क त्या वेळी एका यंत्रास चाळीस हजार रुपये, शिवाय कर, असे होते.